ह्यो लाईट आपल्या रस्त्याचा न्हवं

पाऊस संपत आला होता. गोव्याहून चोर्ला घाटाने परत येत होतो. कणकुंबी मागे पडली, जांबोटीच्या अलीकडचा झाडीतला रस्ता लागला आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिप्पर मारू लागली. माझा लाईट डिपवरच होता. डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा बंद आहे ना, हे तीनदा पाहिलं. तरी पिरनवाडीपर्यंत शिव्या खातच आलो. काही तोंडी, बाकी उजेडाच्या.

लाईट नवे होते. आठवडाभर आधीच ऑनलाइन मागवून बसवलेली प्रोजेक्टरची, म्हणजे भिंगातून उजेड टाकणाऱ्या हेडलाइटची, जोडी. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेत गाडी नेली. मिस्त्रीने ती शेडच्या भिंतीसमोर उभी केली, लाईट लावला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "सर, ह्यो लाईट आपल्या रस्त्याचा न्हवंच की ओ. उजवीकडं चढतोय बघा."

भिंतीवर खरंच तसं दिसत होतं. डावीकडे उजेडाची कडा पट्टीने आखल्यासारखी आडवी, आणि मधोमध एक कोपरा घेऊन उजवीकडे ती तिरकी वर चढलेली. मी इतकी वर्षं गाडी चालवतो, पण हेडलाइटला डावं-उजवं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

डिप लाईट म्हणजे अप्परचाच उजेड जरा खाली वाकवलेला, अशी आपली समजूत असते. तो मुद्दाम वाकडा बनवलेला असतो. समोरून गाडी येते त्या बाजूला उजेडाची कडा खाली, आडवी. आपल्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला, ती सुमारे १५ अंशांच्या कोनात वर उचललेली. युरोपात १९५७पासून हे असे दोन बाजूंना वेगळे वागणारे डिप लाईट रूढ झाले.

डाव्या कडेला हा जादा उजेड कशाला, हे आपल्या भागात सांगावं लागू नये. ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, निपाणी, संकेश्वरच्या रस्त्यांवर रात्री निघून बघा. कारखान्याकडे चाललेली उसाची बैलगाडी, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी, आणि रस्त्याच्या डाव्या कडेने तिचं आपलं सावकाश चाललेलं. ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांचीही तीच तऱ्हा. डिपच्या आडव्या उजेडात ही उसाची भिंत फार उशिरा दिसते. डावीकडे चढलेल्या त्या तुकड्यात ती लांबूनच दिसते, कडेने चालणारा माणूस दिसतो, मैलाचा दगडही दिसतो. माझ्या नव्या लाईटने हा तुकडा उचलून समोरच्याच्या बाजूला नेऊन ठेवला होता. म्हणजे नुकसान दुहेरी: बैलगाडी अंधारात आणि समोरचा ड्रायव्हर उजेडात.

तो किती उजेडात, याचं गणित मी त्या रात्री कागदावर मांडलं. हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरा. डिपची आडवी कडा साधारण १ टक्का उतरती ठेवतात, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली. ४० मीटरवर ती ६५ वजा ४०, म्हणजे जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर आली. समोरच्या गाडीच्या बंपरखाली. आता समोरची गाडी आपल्या उजवीकडे साडेतीन मीटरवर आहे असं समजा. कडा त्या बाजूला १५ अंशांनी चढत असेल, तर साडेतीन मीटरमध्ये ती ९४ सेंटिमीटर वर जाते. २५ अधिक ९४ म्हणजे ११९ सेंटिमीटर. साध्या मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे जवळपास याच उंचीवर असतात! नेम धरून मारला असता तरी इतका अचूक बसला नसता.

डोळ्यात असा उजेड शिरला की त्यातला काही भाग डोळ्याच्या आतच विखुरतो आणि पडद्यावर धुक्यासारखा पसरतो. रस्ता तिथेच असतो, पण काळं-पांढरं वेगळं कळत नाही. वय वाढलेल्या किंवा मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या डोळ्यांत हे विखुरणं जास्त. रात्रीची गाडी नको म्हणणारे आजोबा निमित्त सांगत नसतात.

आता या डाव्या-उजव्याचं मूळ लाईटच्या पोटात कुठे असतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याकडे अजून असंख्य गाड्यांत असतो तो एच-४ बल्ब घ्या. काचेच्या एका नळीत दोन तारा, एक अप्परची, एक डिपची. डिपच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी पन्हळ असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपवर असताना परावर्तकाचा फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो. डिपची तार परावर्तकाच्या नाभीच्या (फोकसच्या) थोडी पुढे असल्याने किरण एकमेकांना छेदून जातात: वरच्या भागावर पडलेला उजेड खाली जातो, उजव्या भागावर पडलेला डावीकडे. त्या पन्हळीची एक कड सरळ आणि दुसरी १५ अंशांनी खाली कापलेली असते. आपल्याकडच्या लाईटमध्ये ही कापलेली कड उजवीकडे येते. तिथून निसटलेला उजेड परावर्तकाच्या उजव्या खालच्या पाचरीवर पडतो आणि छेदून रस्त्याच्या डाव्या कडेला, वर जातो.

मग उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बल्ब वेगळा लागत असेल? नाही. बल्ब तोच. तो १५ अंश फिरवला की कापलेली कड आडवी होते आणि सरळ कड १५ अंश खाली झुकते. झालं, आरशातली प्रतिमा तयार. म्हणून बाजू ठरते ती बल्बात नव्हे, तो ज्या खोबणीत बसतो त्या खोबणीत. काही जुन्या युरोपीय हेडलाइटांत अशा दोन खोबण्याच दिलेल्या असत. सरहद्द ओलांडली की बॉनेट उघडायचं, बल्ब एका खोबणीतून दुसरीत फिरवायचा. इतकं साधं, इतकं सुंदर काम मी मोटारीत दुसरं पाहिलेलं नाही.

प्रोजेक्टरमध्ये ही सोय नसते. तिथे भिंगामागे पत्र्याचा एक पडदा उभा असतो आणि त्याच्या वरच्या कडेला पायरी कापलेली असते. भिंग त्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकतं. पडदा ज्या बाजूसाठी कापला, ती बाजू कायमची. काही महागड्या प्रोजेक्टरांत मागे एक छोटी कळ असते. ती सरकवली की चढ नाहीसा होतो आणि कडा दोन्हीकडे आडवी होते. परमुलखात तेवढं पुरतं. अलीकडच्या काही एलईडीवाल्या गाड्यांत तर स्क्रीनवर जाऊन प्रवासाचा पर्याय निवडला की झालं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, पण समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वेवर गाडी चढवून अर्ध्या-पाऊण तासात फ्रान्सला उतरलं की सगळं उजवीकडे. त्याच्या गाडीत कळ नाही, म्हणून तो काचेवर चिकटवायचे स्टिकर नेतो. ते काचेचा नेमका तोच तुकडा झाकतात किंवा वळवतात ज्यातून चढणारा उजेड येतो. जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी. दोन बोटं इकडे-तिकडे झालं की उपयोग शून्य. आणि परत आल्यावर काढायचं विसरलं, तर स्वतःच्याच गावात डावी कड अंधारी.

आपल्याकडे पूर्वी ट्रक-जीपच्या हेडलाइटवर काळा ठिपका किंवा वर काळा पट्टा रंगवलेला असे. त्यामागचा विचार हाच, पण त्या जुन्या नक्षीच्या काचेत उजेडाचा प्रत्येक भाग काचेभर मिसळलेला असतो. वरचा भाग काळा केला म्हणून वरचा उजेड जात नाही, सगळाच थोडा मंद होतो.

स्टिकरचा सगळ्यात मोठा प्रयोग स्वीडनने केला. ३ सप्टेंबर १९६७ला पहाटे त्या देशाने एका झटक्यात रस्त्याची बाजू डावीकडून उजवीकडे बदलली. उजव्या बाजूसाठी बनलेले हेडलाइट आधीच गाड्यांवर बसवले जात होते, आणि त्यांच्या चढणाऱ्या तुकड्यावर अपारदर्शक स्टिकर असे. त्यावर छापलेलं: ३ सप्टेंबर १९६७पूर्वी काढू नये.

आपल्या शेजारीही असा प्रसंग ओढवू शकला असता. १९२८मध्ये पोर्तुगालने उजवी बाजू धरली. पण गोव्याने डावी सोडली नाही, कारण गोव्याच्या जमिनीवरच्या सगळ्या सरहद्दी डावीकडून चालणाऱ्या, ब्रिटिश अंमलाखालच्या हिंदुस्थानाला लागून होत्या. मोझांबिक आणि मकाव यांचंही तसंच. नाहीतर बेळगावहून घाट उतरणाऱ्याला सरहद्दीवर जकातीबरोबर रस्त्याची बाजूही बदलावी लागली असती. १९६१ला गोवा भारतात आला तेव्हा तिथल्या गाड्या आधीच आपल्या बाजूने चालत होत्या.

तेव्हा केए २२ असो, एमएच ०९ असो की जीए, आपल्या मुलखात लाईट फिरवायची वेळ येत नाही. पण चुकीच्या बाजूचा लाईट कुरियरने घरी येऊ शकतो. माझी चूक कुठे झाली तेही सांगून टाकतो. मागवताना दोन पर्याय होते, एलएचडी आणि आरएचडी. आपण डावीकडून चालतो, म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने 'लेफ्ट' निवडलं. ती अक्षरं रस्त्याची नव्हेत, स्टिअरिंगची. डाव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे उजवीकडून चालणारा देश. आणि खरं तर स्टिअरिंगचाही लाईटशी काही संबंध नाही; लाईट बघतो फक्त रस्त्याची बाजू. म्यानमारने १९७०मध्ये उजवी बाजू धरली, पण तिथे धावणाऱ्या असंख्य जुन्या जपानी गाड्यांचं स्टिअरिंग अजून उजवीकडेच आहे. त्यांना लाईट मात्र उजव्या बाजूचाच हवा.

युरोपीय नियमांनुसार बनलेल्या लाईटच्या काचेवर गोलात 'ई'ची खूण असते. तिच्याजवळ गाडीसमोर उभ्या माणसाच्या उजवीकडे जाणारा बाण असेल, तर तो लाईट डावीकडून चालणाऱ्यांचा. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. बाणच नाही म्हणजे उजवीकडचा. माझ्या जोडीवर बाण नव्हता. आपल्या १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही लाईटने डोळे दिपू नयेत म्हणून जी जागा मोजून दिली आहे, ती लाईटपासून ८ मीटरवर, दीड मीटर उंच आणि लाईटच्या उजव्या बाजूला. डाव्या नव्हे.

बाण सापडला नाही तर भिंत आहेच. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा नेहमीची, लाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि डिप लावा. आडवी कडा त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली हवी, आणि चढ डावीकडे. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर आधी ते शून्यावर आणा. ते चाक बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. मागे तिघं बसले, डिकीत काजूची पोती आणि तांदूळ चढला की गाडीचं नाक वर होतं. अर्धा अंश जरी वर झालं, तरी ती १ टक्क्याची उतरण जवळपास संपली. आकडा वाढवला की लाईट खाली येतो. दिवाळीत कुटुंब घेऊन गावी जाताना बाजू बरोबर असलेला लाईटही असा डोळ्यात जातो.

मी जुने लाईट परत बसवले. मिस्त्रीने मजुरी दोन्ही वेळची घेतली, आणि ते रास्तच होतं. प्रोजेक्टरची जोडी माळ्यावर पडून आहे. मणिपुरात मोरेहपर्यंत कुणी जाणार असेल तर सांगा. फाटकापलीकडे, म्यानमारमधल्या तामूला तो लाईट अगदी बरोबर पडेल.