पुढच्याचं डोकं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पहिल्यांदा कुस्ती बघायला गेलो तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. आबांच्या बोटाला धरून आत शिरलो आणि जागा मिळाली ती पार वरच्या पायरीवर. पुढच्या पायरीवर कागलकडचे एक म्हातारे येऊन टेकले. डोक्यावर हा एवढा फेटा. मी रडायच्या बेतात. आबा म्हणाले, "गप बस. कुस्ती लागू दे, मग सांग दिसतंय का न्हाई ते." हलगी कडाडली, शड्डू ठोकले गेले आणि खरंच, फेट्याच्या वरून तांबड्या मातीचा हौदा दिसत होता. फेट्याची वरची घडी हौद्याच्या अलीकडच्या काठाला चाटत होती एवढंच. पैलवान त्या काठाशी आले की मी मान उंच करायचो, मध्यभागी गेले की निवांत.

पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून आपली नजर जाते, त्या मापाला स्टेडियम बांधणारे इंजिनियर 'सी व्हॅल्यू' म्हणतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता कुठलंही नवं स्टेडियम झालं की लोक त्याच्या छपराचे, दिव्यांचे, आकाशातून काढलेले फोटो पाठवतात. मी आधी विचारतो, शेवटच्या रांगेतून कसं दिसतं? कारण स्टेडियम ही इमारत बाहेरून बघायची नसतेच. ती आत बसून दुसरं काहीतरी बघण्यासाठी असते, आणि त्या बघण्याच्या आड येणारी पहिली वस्तू म्हणजे पुढच्याचं डोकं.

हिशोब सोपा आहे. तुमच्या डोळ्यापासून मैदानावरच्या सर्वांत जवळच्या, दिसायलाच हव्या अशा बिंदूपर्यंत एक सरळ रेषा ओढा. फुटबॉलला हा बिंदू म्हणजे जवळची टचलाइन (मैदानाची लांब कड), कुस्तीला हौद्याचा अलीकडचा काठ. ही रेषा पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, तेवढी तुमची सी व्हॅल्यू. माणसाच्या डोळ्यांपासून टाळूपर्यंतचं अंतर साधारण 12 सेंटिमीटर. म्हणजे 12 सेंटिमीटर मिळाले तर पुढच्याच्या डोक्यावरून सरळ दिसतं. 9 मिळाले तर मान जराशी कलती करून भागतं. 6 म्हणजे पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून बघायचं. प्रेक्षक टोपी घालून येणार असतील तर 15 धरा, असंही डिझाइनच्या पुस्तकांत सांगतात. फेट्याचा विचार त्या पुस्तकांनी केलेला नाही.

गंमत पुढे आहे. प्रत्येक रांगेला सारखेच 12 सेंटिमीटर द्यायचे तर पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवून चालत नाही. मागे जावं तशी प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी जास्त उंच लागते. एक कल्पनेतलं गोल मैदान घेऊ. (आकडे खासबागेचे नव्हेत, गणितापुरतेच आहेत.) पहिल्या रांगेतला माणूस हौद्याच्या काठापासून 10 मीटरवर, शेवटचा 40 मीटरवर, पायरीची रुंदी 75 सेंटिमीटर. पहिल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर. आता सगळ्यांना 12 सेंटिमीटर द्यायचे तर सुरुवातीची पायरी सुमारे 19 सेंटिमीटर उंच, 20 मीटरवरची 27 आणि शेवटची 35. शेवटच्या माणसाचा डोळा जमिनीपासून 12 मीटरवर जातो. बाजूने कापून बघितलं तर पायऱ्यांची रेषा सरळ उताराची दिसत नाही, वाटीच्या काठासारखी वर वळत जाते.

ही वक्ररेषा 1838 मध्ये जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश इंजिनियरने मांडली. कालव्यात एकटीच धावणारी लाट बघून घोड्यावरून तिचा पाठलाग करणारा हाच तो रसेल. सभागृहात मागच्याला वक्ता दिसावा आणि ऐकूही यावा यासाठी त्याने हे गणित केलं. पुढच्या काळातल्या स्टेडियमांनी ते उचललं.

हे गणित बाजूला ठेवलं की काय होतं ते एका तालुक्याच्या गावी बघितलं. नव्या स्टेडियमची फीत कापून महिनाही झाला नव्हता. सगळ्या पायऱ्या एकाच साच्यातून काढलेल्या, एकसारख्या. वरच्या कल्पनेतल्या मैदानात सगळ्या पायऱ्या 27 सेंटिमीटरच्या केल्या तर पहिल्या रांगांना साडेएकोणीस सेंटिमीटर मिळतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि शेवटच्या रांगेला जेमतेम 5. सिमेंट जवळपास तेवढंच, उंची जवळपास तेवढीच, आणि मागचे लोक उभे. मागचे उभे राहिले की त्यांच्याही मागचे बाकावर चढतात. त्या गावी तर पुढच्या कठड्याची आडवी पाइप बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या रांगेतले लोक दोन तास वाकून, पाइपखालून खो-खो बघत होते. तरी पान खात मजेत होते, हा भाग वेगळा.

आता फेट्याचं गणित. 12 ऐवजी 20 सेंटिमीटर द्यायचे ठरवले, म्हणजे फक्त 8 सेंटिमीटर वाढवले, तर शेवटच्या माणसाचा डोळा 12 मीटरवरून 18 मीटरवर जातो. एका फेट्यापायी दोन मजले! शेवटची पायरी 54 सेंटिमीटरची होते आणि तिथला उतार 36 अंशांचा. ब्रिटनमध्ये प्रेक्षागॅलरीचा उतार 34 अंशांपलीकडे नेऊ नये असा दंडक आहे, कारण त्यापुढे माणसाला आपण कड्यावर बसलोय असं वाटायला लागतं आणि ठेच लागली तर तो पुढच्यांना घेऊनच खाली येतो.

मग उपाय? मैदान आटोपशीर ठेवायचं, आणि बघायची गोष्ट एका जागी असेल तर गोल करायचं. शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान कुस्तीसाठी कोल्हापुरात करायचं मनात घेतलं. 1907 ला काम सुरू झालं, 1912 ला खासबाग उभं राहिलं. पण त्यांनी नक्कल केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. कलोसियम लंबगोल आहे, 188 मीटर लांब आणि 156 मीटर रुंद, कारण तिथे एकाच वेळी अनेक झुंजी, शिकारी, मिरवणुका चालायच्या. कुस्तीला एकच जोड, एकच हौदा. म्हणून खासबाग गोल. वर्तुळात प्रत्येक रांगेतला प्रत्येक माणूस हौद्यापासून सारख्याच अंतरावर असतो, कोपऱ्यातली जागा नावाची भानगडच नाही.

अंतराची मर्यादा डोळा ठरवतो. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग एवढं बारीक ओळखता येतं. 30 मीटरवर त्याचा अर्थ होतो सुमारे 9 मिलिमीटर, 60 मीटरवर सुमारे 17, म्हणजे बोटाची जाडी. कुस्ती कळायची तर पकड कुठे बसली ते दिसायला हवं. ढाक मारताना हात कुठून गेला, एकेरी पट काढला तेव्हा बोटं कुठे रुतली, हे 60 मीटरपलीकडे फक्त अंदाजाने. त्यामुळे लाखाच्या स्टेडियममध्ये कुस्ती घेतली तर निम्म्यांना दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतील आणि हलगी थांबली की निकाल कळेल. फुटबॉलचा चेंडू 22 सेंटिमीटरचा, म्हणून तिथे 190 मीटर ही शेवटची हद्द मानतात आणि 150 च्या आत ठेवावं असं सुचवतात. 190 वर चेंडू दिसतो, त्याची फिरकी दिसत नाही. कोल्हापुरातल्या पेठेतल्या फुटबॉलवाल्यांना विचारा, फिरकी न दिसलेली फ्री किक म्हणजे काय ते. अहमदाबादच्या 1,32,000 आसनांच्या स्टेडियममध्ये वरच्या रांगांना मोठा पडदा लागतो तो त्यामुळेच. अर्धा सामना पडद्यावर बघायला तिकीट काढायचं की नाही, ज्याचा त्याचा प्रश्न.

आपल्याकडे नव्या क्रीडासंकुलात हमखास होणारी चूक म्हणजे फुटबॉलच्या मैदानाभोवती 400 मीटरचा धावण्याचा ट्रॅक. आठ लेनचा ट्रॅक नुसता रुंदीलाच पावणेदहा मीटर खातो. गोलमागे तर वळणामुळे आणखी मोठी मोकळी जागा राहते. इटलीत युव्हेंटस या फुटबॉल क्लबने ट्रॅकवालं जुनं स्टेडियम सोडून 2011 मध्ये त्याच जागी ट्रॅकशिवाय नवं बांधलं, प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ आणले. आपण मात्र एकाच खर्चात दोन्ही उरकू बघतो आणि दोन्हीकडचे प्रेक्षक लांब ढकलतो.

वर्तुळाची आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. मागची रांग पुढच्यापेक्षा लांब असते. आपल्या कल्पनेतल्या मैदानात 10 ते 40 मीटर ही अंतरं मध्यापासूनची धरू आणि माणशी अर्धा मीटर जागा देऊ. वाटा सोडल्या नाहीत तर साडेबारा हजार लोक मावतात. त्यातले निम्मे शेवटच्या 11 मीटरांत बसलेले असतात. म्हणजे स्टेडियमचं बहुमत नेहमी मागे असतं. सोफे पुढे मांडले जातात, पाहुणे पुढे बसतात, पण गर्दी, पैसा आणि आरडाओरडा मागचाच.

आवाजाचं थोडक्यात. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मोठ्या स्टेडियममध्ये समोरची गॅलरी 150 मीटरवर असेल तर तिकडची टाळी इकडे जवळपास अर्ध्या सेकंदाने पोचते, म्हणून सगळ्या स्टेडियमची टाळी कधी एका तालात बसत नाही. गोल मैदानात मधली हलगी एका रांगेतल्या सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येते. उलट चारी बाजूंची आरोळी मध्यभागी पैलवानावर एकदमच येऊन आदळते. छप्पर असेल तर ती आरोळी वर निसटण्याऐवजी पुन्हा खाली येते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं छप्पर तर पुढे खांब न देता तोललेलं आहे. खांब हेही एक डोकंच, आणि त्याला खाली बसा म्हणता येत नाही.

नाचणाऱ्या गर्दीचा हिशोबही इंजिनियरला करावा लागतो. फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर माणसं सेकंदाला दोनदा-अडीचदा उडी मारतात. अधांतरी सज्जाचं स्वतःचं कंपन त्याच्या जवळपास असलं तर झोपाळ्याला लयीत झोका मिळावा तसा सज्जा हलायला लागतो. मातीच्या भरावावर बसलेल्या पायऱ्यांना ही काळजी नाही. त्यांची काळजी पावसाची. 100 मीटर व्यासाच्या उघड्या वाटीत 2 सेंटिमीटर पाऊस पडला की 1,57,000 लिटर पाणी जमतं, दहा हजार लिटरचे पंधरा-सोळा टँकर. कोल्हापूरच्या जुलैत एवढा पाऊस पडायला एक दुपार पुरते. म्हणून वाटीला तळाशी वाट हवी. वरुणतीर्थ तळं बुजवून झालेल्या गांधी मैदानात पावसाळ्यात काय होतं ते शिवाजी पेठेत कुणालाही विचारा.

ऊन मात्र फुकट टाळता येतं. मैदान उत्तर-दक्षिण लांब ठेवायचं आणि मुख्य गॅलरी पश्चिमेला. मग चार वाजता ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत नाही. आपला फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, तिथून जवळपास 24 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. छपराचा दक्षिणेकडचा कोपरा थोडा पुढे ओढला नाही तर तिथले शे-दोनशे लोक दुसरा हाफ बाजूने येणाऱ्या तिरप्या उन्हात बघतात.

आणि बाहेर पडणं. कलोसियमला 80 कमानी होत्या, त्यातल्या 76 ना क्रमांक. काही क्रमांक आजही दगडावर वाचता येतात. आतल्या बोळांना व्होमिटोरिया म्हणत, लॅटिनमधल्या 'ओकणे' या क्रियापदावरून. शब्द किळसवाणा असला तरी अचूक आहे. ब्रिटनच्या नियमांत जिन्याच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला 66 माणसं, सपाट वाटेवरून 82 माणसं आणि सगळं स्टेडियम जास्तीत जास्त आठ मिनिटांत मोकळं, असं धरतात. आपल्या साडेबारा हजारांना जिन्याने सोडायचं तर सगळ्या दारांची मिळून 24 मीटर रुंदी हवी, आणि ती वाटेत कुठेही आक्रसता कामा नये. 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स फुटबॉल स्टेडियममध्ये सामना संपल्यावर एकाच जिन्यावर 66 माणसं चेंगरून मेली. 4 जून 2025 ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण चेंगरून मेले, तेही आत शिरताना, दारांशी. दर चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागायची थांबते आणि पाण्यासारखी वाहते. आपण पाऊल टाकायचं ठरवतच नाही, लाट नेईल तिकडे जातो. नव्या स्टेडियमचा नकाशा हातात आला तर दारं मोजा, आणि ती सामन्याच्या दिवशी कुलपात नसतील याची खात्री करा.

मध्यंतरी पुन्हा खासबागेत गेलो होतो. मुद्दाम वरच बसलो. पुढे फेटा नव्हता, पोरं होती. निकाली कुस्ती रंगात आली आणि पुढच्या दोन पायऱ्यांवरचे सगळे हात वर गेले, हातात मोबाईल. सवयीने मनातच हिशोब मांडला. डोळ्यांच्या वर मोबाईल अर्धा मीटर. तेवढी सी व्हॅल्यू द्यायची तर त्या कल्पनेतल्या मैदानात शेवटची पायरी सव्वा मीटरची, छातीला लागणारी, आणि शेवटच्या माणसाचा डोळा 41 मीटरवर. कलोसियमच्या बाहेरच्या भिंतीची उंची 48 मीटर. गणित संपेस्तोवर खाली एक पैलवान चीत झालेला होता, आणि माझ्या शेजारचे बाबा ओरडत होते, "ए भावा, मोबाईल खाली घे की! कुस्ती आमाला दिसली न्हाई!"