एमबीए नसेल तर डेव्हलपर वर जात नाही? खुलासा

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘एमबीएशिवाय डेव्हलपर टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमध्ये वरच्या पदावर जात नाही.’ (डेव्हलपर म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारा; टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग म्हणजे कंपन्यांना तंत्रज्ञान कसं वापरायचं याचा सल्ला देणं.)

हे पूर्ण खरं नाही. व्यवसायाच्या धोरणावर सल्ला देणाऱ्या कंपन्या एमबीए झालेल्यांना थेट कॉलेजांतून घेतात. समज बहुधा तिथूनच आला असावा. तंत्रज्ञानाच्या बाजूला मात्र डेव्हलपर, टेक लीड (टीमचा तांत्रिक प्रमुख), आर्किटेक्ट (सॉफ्टवेअरची एकूण रचना ठरवणारा), मग डिलिव्हरी हेड (प्रोजेक्ट पूर्ण करून देण्याची जबाबदारी असलेला) अशीही वाट आहे. त्या वाटेवर कामाचं स्वरूप बदलत जातं. समजा, चादरींचा कारखानदार म्हणाला, “ऑर्डरसाठी ॲप करून द्या.” डेव्हलपर ॲप बनवायला घेतो. सल्लागार आधी विचारतो, ऑर्डरी उशिरा का जातात? कदाचित सुताचा साठाच वहीशी जुळत नसेल. मग ॲपने काही सुटणार नाही. असे प्रश्न विचारणं, खर्च आणि वेळेचा अंदाज लेखी मांडणं, टीम सांभाळणं हे प्रोजेक्टवर शिकता येतं. नुसती वर्षं भरून मात्र येत नाही.

पडताळायचं तर नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘सोल्युशन आर्किटेक्ट’, ‘डिलिव्हरी मॅनेजर’ अशा दहा-वीस जाहिराती उघडा. एमबीए ‘आवश्यक’ लिहिलंय, ‘असल्यास प्राधान्य’ लिहिलंय, की उल्लेखच नाही, ते बघा. कर्ज काढून प्रवेश घेण्याआधी एवढं कराच.