डिपॉझिटला कमाल मर्यादा का नाही? पागडीपासूनची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यात घर भाड्याने घेणारा बहुतेक जण एक प्रश्न विचारतो: मालक जास्तीत जास्त किती डिपॉझिट मागू शकतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये या प्रश्नाचं आकड्यातलं उत्तर सापडत नाही. का नाही, ते कळायला पागडीकडे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि फाळणीनंतर निर्वासित आल्यावर ती आणखी वाढली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडं वाढवता येईना, तेव्हा मालक एकरकमी पैसे मागू लागले. तीच पागडी. कायद्याच्या कलम १८ नुसार मालकाने भाड्याखेरीज अशी रक्कम घेणं गुन्हा होता. कलम १९ नुसार जागा सोडताना भाडेकरूने घेणंही गुन्हाच. तरीही व्यवहार राजरोस चालत. फक्त पावती मिळत नसे. कागदावर तीस-चाळीस रुपये भाडं आणि पावतीविना दिलेली मोठी रक्कम, हे चाळींमधलं नेहमीचं गणित होतं.

भाडेकरू कायमचा चिकटेल या धास्तीने मालकांनी दुसरी वाट धरली: 'लीव्ह अँड लायसन्स'. यात भाडेपट्टा नसतो, १८८२ च्या इझमेंट कायद्यातली नुसती वापराची परवानगी असते. सरकारने १९७३ मध्ये दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर ताबा असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्याने मालक आणखीच बिचकले, अनेकांनी घरं कुलूपबंद ठेवणं पसंत केलं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेली भाडी अवाजवी झाल्याचं म्हटलं.

नवा कायदा, म्हणजे १९९९ चा अधिनियम, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने जुना गुन्हा कायदेशीर केला: मालकाला भाडेपट्टा देताना किंवा हस्तांतराला संमती देताना प्रीमियम वा डिपॉझिट घेता येतं, भाडेकरूलाही हक्क सोडताना रक्कम घेता येते. बंदी उठवली, पण तिच्या जागी कमाल मर्यादा घातली नाही. पन्नास वर्षं बंदी मोडली गेल्यावर मर्यादा तरी कोण पाळणार, असा त्यावरचा युक्तिवाद असू शकतो. भाडेकरूला मात्र तो फारसा कामाचा नाही.

भाडेकरू राहिला बाजाराच्या भरवशावर. मुंबईतल्या 'हेवी डिपॉझिट'मध्ये भाडं नाममात्र आणि रक्कम लाखांत असते. मालकाचं कर्ज थकून बँकेने घरावर टाच आणली, तर ही रक्कम अडकण्याचा धोका मोठा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेसाठी २ आणि अनिवासी जागेसाठी ६ महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो दाखवून मालकाला अडवता येत नाही.

मग हातात काय उरतं? करार. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला, महाराष्ट्रात तो चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोडून काढायचं काम मालकाचं.

मुद्रांकशुल्क वाचवायला करारात डिपॉझिट कमी दाखवतात, हा मूर्खपणा आहे. हिशेब बघा: २४ महिने, २०,००० रुपये भाडं, १ लाख परतावायोग्य डिपॉझिट. भाडं ४,८०,०००, डिपॉझिटवर दरसाल १० टक्के मानीव व्याज दोन वर्षांचं २०,०००. एकूण ५ लाखांवर ०.२५ टक्के, म्हणजे १,२५० रुपये. डिपॉझिट अजिबात दाखवलं नाही तर वाचतात ५० रुपये. उलट कलम २४ खालच्या ताब्याच्या अर्जात लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा ठरतो, म्हणजे कमी लिहिलेली रक्कम तुमच्याच विरुद्ध जाते.

दुसरी चूक शेवटी होते. मालक पैसे देत नाही म्हणून भाडेकरू मुदतीनंतर 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणत बसून राहतो. कलम २४ खालीच मुदतीनंतर दुप्पट दराने भरपाई लागू शकते. वरच्या उदाहरणात महिना ४०,००० धरले तर अडीच महिन्यांत लाख रुपये संपले. मालकाला ताब्यासाठी सक्षम प्राधिकारी (असे अर्ज ऐकणारा सरकारी अधिकारी) आहे, भाडेकरूला डिपॉझिटसाठी तशी झटपट सोय नाही, वेगळा दावा लावावा लागतो. म्हणून रक्कम बँकेतूनच द्या, रंगकाम कोणाच्या खर्चाने ते करारातच लिहा, शेवटच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. परतावा खात्यात जमा झाल्यावर, त्याच बैठकीत, पोच घेऊन चावी द्या.