थांबा-नियंत्रित तिठ्यावरील विलंब व सेवा-पातळी

गौण रस्त्यावरील वाहनाने ‘थांबा’ फलकापाशी थांबून मुख्य रस्त्यावरच्या दोन वाहनांमध्ये पुरेशी फट मिळाली तरच पुढे जावे, अशी व्यवस्था असलेल्या जागी होणारा खोळंबा मोजण्याची पद्धत. कोकणात आडवा रस्ता मिळतो त्या जागेला तिठा म्हणतात. हातखंबा येथे रत्नागिरीचा व तळेरे येथे कोल्हापूरकडचा रस्ता मुंबई–गोवा महामार्गाला (रा. म. ६६, पूर्वीचा १७) मिळतो.

वेग कमी करणे, रांगेत सरकणे, रेषेपाशी थांबणे व पुन्हा वेग घेणे यांत गेलेला जादा वेळ म्हणजे विलंब. ए (सर्वांत चांगली) ते एफ (सर्वांत वाईट) या सेवा-पातळ्या, म्हणजे वाहतूक किती सुरळीत चालते याच्या श्रेणी, अमेरिकी महामार्ग क्षमता पुस्तिकेच्या १९६५ च्या आवृत्तीपासून रूढ झाल्या. १९८५ च्या आवृत्तीत अशा चौकांसाठी शिल्लक क्षमता (क्षमतेतून प्रत्यक्ष वाहने वजा जाता उरते ती) हा निकष होता. पुढे विलंब आला, व तोच अधिक ग्राह्य वाटतो. सरासरी १० सेकंदांपर्यंत ए, ५० च्या वर एफ; सिग्नलच्या चौकात एफ ८० नंतर लागतो.

खरा वाद क्रांतिक फटीचा, म्हणजे चालक स्वीकारतो त्या किमान फटीचा आहे. रॅफ यांची १९५० ची आलेख-पद्धत सोपी आहे. संभाव्यतेवर आधारलेली ट्राउटबेक यांची पद्धत अधिक भरवशाची मानतात. दोन्हींत गौण रस्त्यावरचा चालक थांबतो, हे गृहीत आहे. आपल्याकडे दुचाकी व रिक्षा पुढे सरकत राहतात आणि मुख्य रस्त्यावरचे वाहनच वेग कमी करते. म्हणून अशलता व चंद्र यांनी २०११ मध्ये चौक ओलांडण्यास लागणाऱ्या वेळेवरून फट काढली. मिश्र वाहतुकीला हीच रीत जवळची. फरक किती पडतो? मुख्य प्रवाह ताशी ६००, अनुगमन-काळ (एकाच फटीतून पाठोपाठ जाणाऱ्या गौण रस्त्यावरच्या दोन वाहनांतील वेळ) ३.३ सेकंद व गौण रस्त्यावर ताशी ४०० वाहने धरून, फट ६.२ सेकंद घेतल्यास गौण रस्त्याची क्षमता ताशी सुमारे ५०५ वाहने व विलंब ३४ सेकंद (डी) येतो, ४.५ घेतल्यास ६७० व १८ (सी). तिठा तोच, फक्त आकडा बदलला. अमेरिकी आकडे उचलून वापरू नयेत ते यासाठी.

मुख्य रस्त्याच्या सरळ वाहतुकीला विलंब जवळपास नसतो. त्यामुळे सबंध तिठ्याची एकच सरासरी काढल्यास गौण रस्त्याचा खोळंबा झाकला जातो. पातळी प्रत्येक वळणाची स्वतंत्र द्यावी. भारतीय महामार्ग क्षमता पुस्तिका केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सिद्ध झाली.

गणपतीत व शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा मोजणीच्या सुरुवातीलाच रांग लागलेली असते. नेहमीचे सूत्र अशी आधीची रांग धरत नाही. त्यामुळे त्या दिवसांत विलंब प्रत्यक्ष रांग मोजूनच काढावा लागतो.