सान राफाएल की पीओ अकरावा? पॅटागोनियातल्या ज्या दोन ग्लेशिअर क्रूझ सगळे एकच समजतात

लाइफजॅकेट घालून रबरी बोटीत बसलोय, आजूबाजूला बर्फाचे तुकडे तडतडतायत, समोर निळी भिंत, आणि मी गाइडला अगदी अभ्यास करून आल्याच्या थाटात विचारलं, की हाच ना तो वाढत चाललेला ग्लेशिअर? तो हसला. मग त्याने मागे हात केला, आम्ही ज्या पाण्यातून आलो होतो तिकडे, आणि म्हणाला, तुम्ही आत्ता आलात ना ते सगळं एकेकाळी बर्फ होतं.

म्हणजे वाढणारा तो दुसराच. मी घरून वाचून गेलो होतो पीओ अकराव्याबद्दल आणि बुक करून बसलो होतो सान राफाएल. एजंटनेही काही सांगितलं नाही, त्याच्या लेखी चिली, पॅटागोनियाचे चॅनेल्स, चार-पाच दिवस बोट आणि शेवटी ग्लेशिअर, एवढं जुळलं की झालं. आणि खरं सांगायचं तर चूक माझीच, कारण दोन्ही जाहिराती शेजारी ठेवल्या तर शब्द न् शब्द तोच असतो, निर्मनुष्य बेटं, अरुंद खाड्या, धबधबे, डॉल्फिन, हजारो वर्षांच्या बर्फावर व्हिस्की. फोटोसुद्धा तसाच, निळा बर्फ आणि पुढे लाल जॅकेटवाली माणसं.

तर आधी नकाशा. चिलीचा दक्षिण भाग बघितला तर किनारा फाटलेल्या कापडासारखा दिसतो, शेकडो बेटं आणि मधून पाण्याच्या गल्ल्या, त्यांनाच चॅनेल्स म्हणतात. या गल्ल्यांमधून तुम्ही खुल्या समुद्रात न जाता खूप लांब जाऊ शकता, पण एका ठिकाणी हे गणित तुटतं. ४७ अंश दक्षिणेच्या जवळ पेनासचं आखात आहे, तिथे बेटांचा आडोसा संपतो आणि पॅसिफिक थेट अंगावर येतो. १७४१ मध्ये 'वेजर' नावाचं ब्रिटिश जहाज याच आखाताच्या दक्षिण टोकाला फुटलं होतं, तेव्हापासून या पाण्याचं नाव काही फार चांगलं नाही. सान राफाएल या आखाताच्या अलीकडे, म्हणजे उत्तरेला, आणि पीओ अकरावा पलीकडे, दक्षिणेला. मधलं अंतर सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पण तिथे सरळ रेषेत काहीच जात नाही.

पहिला येतो उत्तरेच्या हिमक्षेत्रातून, दुसरा दक्षिणेच्या. हिमक्षेत्र म्हणजे डोंगरांवर पसरलेला बर्फाचा विस्तीर्ण थर, ज्यातून ग्लेशिअर खाली उतरतात. ही दोन वेगळी हिमक्षेत्रं आहेत, उत्तरेचं साधारण ४ हजार चौरस किलोमीटर आणि दक्षिणेचं त्याच्या तिप्पट. नॅशनल पार्कही वेगळी, पहिल्याचं लगुना सान राफाएल, १९५९ चं, आणि दुसऱ्याचं बेर्नार्दो ओ'हिगिन्स, १९६९ चं, जे चिलीतलं सगळ्यात मोठं आहे. पण ही माहिती लोक वाचतात आणि विसरतात, मी पण विसरलो होतो. लक्षात राहतं ते पेनासचं आखात. एजंटला एवढंच विचारायचं, बोट पेनासच्या उत्तरेला फिरणार की दक्षिणेला, त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरा एजंट बघायचा.

आता सान राफाएल. समुद्राला टेकणाऱ्या ग्लेशिअरांपैकी विषुववृत्ताला सगळ्यात जवळचा हा, ४६ अंश ४० मिनिटांच्या आसपास. उत्तर गोलार्धात साधारण याच अक्षांशावर जिनिव्हा येतं, आणि इथे बर्फ खाऱ्या पाण्यात उतरतोय. कारण सोपं आहे, पॅसिफिकवरून पश्चिमेचे वारे वर्षभर ओल घेऊन येतात, समोर अँडीज आडवा, ओल वर चढते आणि बर्फ होऊन पडते, इतका बर्फ पडतो की खाली उतरेपर्यंत वितळून संपतच नाही. हिमक्षेत्राच्या याच बाजूला सान व्हालेंतीन हा साधारण ४ हजार मीटरचा डोंगर आहे.

लगून म्हटलं की आपल्याला शांत तळं वाटतं, पण हे तळं समुद्राशी जोडलेलं आहे, रीओ तेम्पानोस नावाच्या चिंचोळ्या वाटेने. रीओ म्हणजे नदी आणि तेम्पानोस म्हणजे हिमखंड, पण ती काही नदी नाही, भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर करत राहतं आणि ओहोटीला तुटलेला बर्फ बाहेर वाहून जातो. त्यामुळे बोटीचं वेळापत्रक घड्याळाने नाही, पाण्याने ठरतं. आम्हाला सकाळी सहाचं सांगून नऊपर्यंत नांगरावरच ठेवलं होतं, काही लोक चिडले, पण त्यात कुणाचा दोष नव्हता.

मोठी बोट लांब थांबते आणि पुढे लहान बोटीतून नेतात. बर्फाचे तुकडे फुटबॉलएवढ्यापासून ट्रकएवढे, बोटवाला इंजिन जवळजवळ बंद करून हातात काठी घेऊन त्यांना बाजूला ढकलत जातो कारण पंखा बर्फावर आपटला तर संपलंच. आणि आवाज. तेलात जिरं टाकल्यावर येतो ना तसा बारीक तडतड आवाज सगळीकडून, बर्फात अडकलेली जुनी हवा फुटून बाहेर येत असते. भिंत दहा-पंधरा मजली वाटते, मग एक कडा सुटतो, आधी तो पडताना दिसतो आणि आवाज नंतर येतो, तेव्हा कळतं की आपण समजत होतो त्यापेक्षा भिंत खूप लांब आहे आणि म्हणजे खूप मोठीसुद्धा. मग लाट येते, बोटवाला तोंड लाटेकडे वळवतो आणि सगळे एकदम गप्प.

असे कडे तिथे सारखे पडतात कारण हा ग्लेशिअर प्रचंड वेगाने सरकतो, पुढच्या टोकाला वर्षाला ७ किलोमीटरहून जास्त, म्हणजे दिवसाला वीसेक मीटर. पण सरकणं आणि वाढणं वेगळं! इथेच माझा गोंधळ झाला होता. बर्फ पुढे येतोय वीस मीटर, पण त्याहून जास्त तुटून पडत असेल तर टोक मागेच जाणार.

आणि हे मागे जाणंही सरळ नाही. १६७५ मध्ये आंतोनियो दे वेआ नावाचा स्पॅनिश खलाशी रीओ तेम्पानोसमधून आत शिरला, त्याच्या नोंदीप्रमाणे बर्फ लगूनमध्ये फारसा आलेलाच नव्हता. १७६६ मध्ये आलेल्यांना तो लगूनमध्ये उतरून मोठे हिमखंड सोडताना दिसला. १८७१ मध्ये चिलीच्या नौदलाचा एनरिके सिम्प्सन गेला तेव्हा बर्फाची जीभ लगूनमध्ये आठेक किलोमीटर घुसलेली होती. म्हणजे दोनशे वर्षं हा पण वाढलाच की. त्यानंतर उलटा फिरला, आणि २००१ पर्यंत तर १६७५ च्याही मागे गेलेला. गाइडने हात दाखवला होता तो या आठ किलोमीटरांकडे.

आता पीओ अकरावा. नाव पोपचं, अकरावा पायस, जो स्वतः चांगला गिर्यारोहक होता. काही नकाशांवर याच ग्लेशिअरला ब्रुगेन म्हटलेलं असतं, तो तिसरा कोणी नाही, हाच. लांबी सुमारे ६६ किलोमीटर, क्षेत्रफळ साधारण १२६५ चौरस किलोमीटर, अंटार्क्टिका सोडलं तर दक्षिण गोलार्धातला सगळ्यात मोठा. तो आयर नावाच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद, खोल खाडीत उतरतो, ४९ अंशांच्या जवळ.

आणि हाच तो वाढणारा. १९४५ ते १९७६ या काळात साधारण पाच किलोमीटर पुढे आला, फियॉर्ड आडवा ओलांडून १९६२ च्या सुमारास समोरच्या किनाऱ्याला जाऊन भिडला, दार लावून घेतल्यासारखा, आणि पलीकडचा भाग समुद्रापासून तुटून ग्रेव्हे तलाव झाला. त्यामुळे याला दोन तोंडं आहेत, एक समुद्रात आणि एक तलावात. किनाऱ्यावरची मोठी झाडं त्याने सरळ आडवी केली. आसपासचे बहुतेक ग्लेशिअर मागे जात असताना हा एकटा उलट्या दिशेने गेला म्हणून अभ्यासकांना त्याचं इतकं कौतुक.

लोक लगेच म्हणतात की बघा, म्हणजे तापमानवाढ वगैरे खोटं. नाही हो. समुद्रात उतरणाऱ्या ग्लेशिअरचं टोक फक्त हवेवर ठरत नाही, त्याच्या पायाशी किती खोल पाणी आहे यावर पण ठरतं. पुढे येताना तो बुलडोझरसारखा गाळ, दगड ढकलत आणतो आणि त्याचाच बांध तोंडासमोर तयार होतो, पाणी उथळ होतं, कडे कमी तुटतात आणि टोक टिकतं. एकदा का त्या बांधावरून मागे घसरून खोल पाण्यात गेला की मग धडाधड तुटायला लागतो आणि वर कितीही बर्फ पडला तरी पुरत नाही. सान राफाएल त्या दुसऱ्या अवस्थेत, पीओ अकरावा पहिल्या. एकाच्या टोकावरून सगळ्या जगाचं हवामान सांगायला जाऊ नका, हिमक्षेत्रं दोन्ही एकूण पातळच होतायत.

बघायला जाणाऱ्यासाठी याचा अर्थ काय? कडे कोसळताना बघायचेत, हिमखंडांतून बोट न्यायचीय, तर सान राफाएल. पीओ अकरावा म्हणजे आकार, रुंदी, नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवायची, समोर गाळाचा मळकट पट्टा, आणि नाट्य त्या मानाने कमी. फोटो मात्र दोन्हीचे निळेच येतात, दाबलेला बर्फ लाल रंग खातो आणि निळा तेवढा सोडतो.

पोचायचं कसं हा खरा मोठा फरक, आणि पैशाचा पण. सान राफाएलला तीन वाटा आहेत. पुएर्तो मोंतहून चिलोए आणि चोनोस बेटांमधून येणारी काही दिवसांची क्रूझ, किंवा पुएर्तो चाकाबुकोहून एका दिवसाची कॅटामरान (जोड-तळाची वेगवान बोट), किंवा पुएर्तो रीओ त्रांकिलोहून रस्त्याने एक्सप्लोरादोरेस खाडीपर्यंत आणि तिथून एका दिवसाची लहान बोट. म्हणजे फक्त ग्लेशिअरच बघायचा असेल तर क्रूझची गरजच नाही हे एजंट कधी सांगत नाहीत. क्रूझ घ्यायची ती वाटेतल्या चॅनेल्ससाठी, आणि त्या मला स्वतःला ग्लेशिअरइतक्याच आवडल्या.

पीओ अकराव्याला असा शॉर्टकट नाही. जवळची वस्ती म्हणजे वेलिंग्टन बेटावरचं पुएर्तो एदेन, कावेस्कार लोकांचं छोटं गाव, रस्ते नाहीत, लाकडी फळ्यांच्या पायवाटा, आणि पाऊस विचारूच नका. दक्षिणेकडच्या क्रूझ बहुतेक पुएर्तो नातालेसहून निघतात आणि इथे दुसरा सापळा आहे, त्यातल्या सगळ्या पीओ अकराव्याला जात नाहीत. काही अमालिया आणि एल ब्रुहो हे ग्लेशिअर, काल्वो फियॉर्ड असं फिरवून आणतात, तेही सुंदरच आहे, पण तो हा नव्हे. नातालेसहून एका दिवसाची बोट बाल्मासेदा आणि सेरानो ग्लेशिअर दाखवते, तेही ओ'हिगिन्स पार्कमध्येच, त्यामुळे ती बोट करून आलेले लोक छातीठोकपणे सांगतात की आम्ही ओ'हिगिन्सचा ग्लेशिअर बघितला. बघितला, पण कुठला? पत्रकावरचा फोटो बघू नका, दिवसवार कार्यक्रमात 'आयर फियॉर्ड' लिहिलंय का ते शोधा.

एक तिसरी गोष्ट मध्येच घुसते ती म्हणजे पुएर्तो मोंत ते पुएर्तो नातालेस जाणारी फेरी. ही ट्रक, सामान आणि माणसं एकत्र नेते, लोक तिलाही क्रूझ म्हणतात. पेनासचं आखात ती ओलांडते, त्या रात्री ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी जेवणाच्या आधी घ्यावी, नंतर उपयोग नाही. पुढे मेसिए चॅनेलमध्ये १९६८ पासून उथळ खडकावर अडकून गंजत उभं असलेलं 'कॅपितान लेओनिदास' जहाज दिसतं. मस्त प्रवास आहे, पण ग्लेशिअरची हमी नाही आणि रबरी बोटीत कोणी उतरवत नाही.

गंमत म्हणजे या वाटेवरचा खुला समुद्र थोडा तरी कमी करायचा प्रयत्न सान राफाएलजवळच झालाय. लगून आणि पेनासचं आखात यांच्यामध्ये जमिनीची एक सखल पट्टी आहे, ओफ्कीची संयोगभूमी. जुने लोक होड्या उचलून ही पट्टी पार करायचे. १९३७ मध्ये सरकारने तिथे कालवा खणायला घेतला आणि १९४३ मध्ये पैसे संपल्यावर सोडून दिला. तो झाला असता तरी पेनासचं आखात ओलांडावं लागलंच असतं, पण एकाच बोटीने दोन्ही ग्लेशिअर बघणं सोपं झालं असतं आणि मला कदाचित हे लिहावंच लागलं नसतं.

आणि हो, सान राफाएल शोधताना अर्जेंटिनातलं मेंदोसा प्रांतातलं सान राफाएल शहर आधी समोर येतं, तिथे हॉटेल बुक करू नका.

व्हिस्कीचं राहिलं. परतताना गाइडने पाण्यातून काचेसारखा स्वच्छ तुकडा उचलला, फोडला आणि ग्लासात टाकला, वर ते हजारो वर्षांचं वाक्य. मला शंकाच आहे, एवढा बर्फ पडणाऱ्या आणि दिवसाला वीस मीटर पळणाऱ्या ग्लेशिअरमध्ये बर्फ इतका म्हातारा कसा होईल, पण ग्लास हातात असताना वाद कोण घालणार. मी त्याला एवढंच विचारलं की तो दुसरा, वाढणारा, तो कसा आहे? तो म्हणाला, माहीत नाही, एवढी वर्षं इथे काम करतोय पण तिकडे जायचं तर मलापण सुट्टी काढून, तिकीट काढून नातालेसला जावं लागेल.