उकाड्यातले गार तळवे

चिंतेने झोप उडालेल्या पौगंडातल्या मुलाची समजूत घालण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात कोकणातल्या घरात प्रत्येकाचं अंग घामाने चिकट झालेलं असतं. या मुलाचे तळवेही ओले असतात, पण गार. पायांचं तेच. गोष्ट बारीक आहे, मात्र झोप कुठे अडली आहे ते तिच्यातून कळतं.

झोपेची वेळ जवळ आली की शरीराच्या आतलं तापमान उतरू लागतं. रात्रभरात ते साधारण एक अंशाने खाली येतं. ही उष्णता बाहेर पडायची मोठी वाट म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीजवळ येतं आणि निवून परत जातं. ज्याचे हातपाय ऊबदार होतात त्याला झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिलं. भीतीचं काम बरोबर उलटं. मेंदूतल्या अमिग्डलाने धोक्याची सूचना दिली की सिंपथेटिक मज्जासंस्था कामाला लागते, हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि तळव्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तळव्यांना घाम सुटतो तोही भीतीचाच. म्हणजे उष्णता ज्या वाटेने जायची तीच वाट बंद.

त्यात आपली किनारपट्टीची हवा. हवेत आधीच बाष्प भरलेलं असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. दिवसभरचे खारे वारे संध्याकाळी पडतात, रात्रीचे मतलई वारे सुरू व्हायला वेळ असतो. मधल्या काळात माडाचं झावळंसुद्धा हलत नाही. पोरं अंथरुणाला पाठ टेकतात ती नेमकी याच सुमारास. घाबरलेल्या मुलाला हा उकाडा दुप्पट जाचतो आणि घरातले म्हणतात, "सगळ्यांनाच उकडतंय, तूच काय एवढा तळमळतोस?"

झोपायच्या तास-दीड तास आधी त्याला गरम पाण्याने अंघोळ करायला सांगावी. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता. ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने झोपेच्या एक-दोन तास आधी अंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं त्यात दिसलं. ऐन उकाड्यात गरम पाणी म्हटल्यावर मुलगा नाक मुरडेल. त्याला कारण सांगावं: या पाण्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बाहेर आल्यावर आतली उष्णता भराभर निघून जाते. अंघोळ नको असेल तर गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून दहा मिनिटं बसलं तरी चालेल. नंतर सुती कपडे आणि पंखा. पंखा अंगालगतची दमट हवा हटवतो, म्हणून घाम वाळतो.

आजी तळपायाला खोबरेल तेल लावून काशाची वाटी फिरवते, तेही करू द्यावं. वाटी काळी पडते ती धातू आणि तेल घासल्यामुळे, अंगातली उष्णता तिच्यात ओढली जाते म्हणून नव्हे. पण चोळण्याने पाय ऊबदार होतात हे खरं, आणि आपलं माणूस पायाशी बसलेलं असतं हेही खरं. आपल्या हाता-पाठीच्या कातडीत काही मज्जातंतू असे असतात की सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर अशा सावकाश, ऊबदार स्पर्शालाच ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. पाठीवरून हात फिरवायचा तर घाई नको. पंधरा वर्षांच्या मुलाला तो आवडेलच असं नाही, म्हणून आधी विचारावं.

श्वासाबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला धोक्याचा वाटतो: "खोल श्वास घे." घाबरलेलं मूल हे ऐकून जोरजोरात हवा आत ओढतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे कमी होतो, चक्कर आल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी चढते. सांगायचं असेल तर "श्वास सावकाश सोड" एवढंच सांगावं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने ते मंदावतात. म्हणून चार आकडे मोजेपर्यंत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सोडायचा. आकडे मोजणंही नकोसं झालं तर भ्रामरी करावी. गुंजन करताना श्वास आपोआप लांबतो. शेजारी बसून आईने किंवा बाबांनी स्वतः सुरुवात केली की मूल न सांगता त्या लयीत येतं.

डोक्यातल्या विचारांचं काय? दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्याचा अभिमान रास्त आहे, पण "आपल्याकडे सगळेच पास होतात" हे वाक्य काठावरच्या मुलाला रात्री किती छळत असेल याचाही विचार व्हायला हवा. "आता त्याचा विचार करू नकोस" हा उपाय चालत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, तर अस्वल सारखं मनात येत राहिलं. त्यापेक्षा विचार कागदावर उतरवावा. बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितका फायदा जास्त. "भूमिती करायची" असं लिहून भागत नाही. "उद्या सकाळी वर्तुळाची दोन प्रमेयं" असं लिहावं.

प्रत्येक भीती परीक्षेची नसते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं, महाडजवळच्या तळीये गावावर त्याच दिवशी दरड कोसळली. तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली मुलं आता पौगंडात आहेत. इतरांना पत्र्यावरच्या पावसाच्या सततच्या आवाजाने गुंगी येते, यांच्यातल्या काहींना तोच आवाज खडबडून उठवतो. "काही होत नाही, झोप" म्हणून त्यांना पटत नाही, कारण त्यांनी होताना पाहिलेलं आहे. अशा घरात बाबांनी मुलीसमोर हवामान खात्याचा इशारा आणि नदीची पातळी बघावी आणि स्पष्ट म्हणावं, "आज मी जागा आहे, बाय. पाणी वाढलं तर मीच तुला उठवीन." आणि तो शब्द खरोखर पाळावा. जागं राहायची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतली आहे हे कळल्याशिवाय तिचा मेंदू सावधपणा सोडणार नाही.

अंथरुणावर पडून वीसेक मिनिटं झाली आणि झोप नसेल तर उठून पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावं, पेंग आली की परतावं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचीच गाठ काळजीशी बांधतो. घड्याळ उलटं करून ठेवावं. चहा दुपारनंतर बंद, कारण त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही शरीरात असतं.

मुलं उशिरा झोपतात याला सरसकट आळस किंवा मोबाइल म्हणू नये. मोबाइल भर घालतोच, पण पौगंडात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक मुळातच तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि सकाळी साडेसहाची एसटी पकडायची असते. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण शरीराचं घड्याळ पुढे सरकतं ते त्यापुढच्या मुलांचं. त्यांचा विचार आधी व्हायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. तोवर हातात एवढंच उरतं की सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ फार बदलू नये आणि उठल्या उठल्या अंगणातल्या उजेडात यावं. "रात्री किती वाजता झोपलास?" ही चौकशी सकाळी करू नये, कारण ती पुढच्या रात्रीची धास्ती होते.

आठवड्यातून तीन-चार रात्री हेच चालू राहिलं, मूल खाईनासं झालं, शाळा टाळू लागलं, तर डॉक्टरांना दाखवावं. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नये. जगण्याचा कंटाळा आल्याचं मूल बोललं तर एक दिवसही थांबू नये. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने बिचकायचं कारण नाही. आणि गावातून निघणं शक्य नसेल तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.