नॅनोकण फक्त गाठीतच जातात? खुलासा

"नॅनोकणांतून दिलेलं औषध फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, दुष्परिणाम शून्य." नॅनोकण म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण. त्यांच्याबद्दलचा हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो खोटा आहे. त्यावर विसंबून कुणी शस्त्रक्रिया लांबवली तर फार वाईट, कारण लवकर सापडलेले बहुतेक त्वचेचे कॅन्सर तिनेच बरे होतात.

दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा 2016 साली आढावा घेतला गेला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं जेमतेम 0.7 टक्के! बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात. दुष्परिणामही उरतातच. लिपोसोममधलं (म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध अमेरिकेत 1995 मध्ये कापोसी सार्कोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं; त्याने हृदयाची इजा कमी होते, पण तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलवटू शकते.

मग रेडिएशनसोबत, म्हणजे किरणांच्या उपचारासोबत, नॅनोकणांचा विचार का होतो? सिस्प्लॅटिनसारखं केमोथेरपीचं औषध किरणांनी तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा आणतं. त्यासाठी किरण देताना ते गाठीत असायला हवं. हळूहळू औषध सोडणारे कण इथे उपयोगी पडू शकतात. त्वचेची गाठ वरच असल्याने ते थेट तिच्यात टोचताही येतात. त्वचेच्या कॅन्सरमध्ये मात्र ही जोडणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे.